जीपगाडीच्या माजी मालकास अनावृत पत्र

श्री. माजी मालक महाशय यांस,
कृतानेक सा. न. वि. वि.

आपला आणि माझा प्रत्यक्ष परिचय फार थोडा. परिवहन कार्यालयाच्या व्हरांड्यात आपण २९ आणि ३० क्रमांकांच्या नमुन्यांवर सह्या केल्यात, किल्ली माझ्या हातावर ठेवलीत, "गाडीला काही बघायला नको" असे अभयवचन दिलेत आणि मी कागद घडी करून खिशात घालीपर्यंत फाटकाबाहेर अंतर्धान पावलात. तथापि त्या दिवसापासून आपल्या सहवासात मी जेवढा काळ घालविला आहे, तेवढा सख्ख्या भावाच्या सहवासातही घालविलेला नाही. कारण साताऱ्यातील माझ्या अंगणात गोणपाट अंथरून या गाडीखाली उताणा पडलो असता डोळ्यांसमोर जे जे येते, त्यात ती बांधणाऱ्यांपेक्षा आपलाच हात अधिक दिसतो, आणि आपण कोणत्या वेळी काय विचार केला असेल, किंवा केला नसेल, हे मला आता विनासायास ओळखता येते.

पत्र अनावृत लिहिण्यात आपली अप्रतिष्ठा करण्याचा हेतू नाही. आपले नाव-गाव सरकारदप्तरी नमूद आहे आणि ते तेथेच सुरक्षित राहील. परंतु जुनी जीप बाळगणाऱ्या प्रत्येक गृहस्थाच्या मागे आपल्यासारखा एक पूर्वसूरी उभा असतो, आणि त्याने करून ठेवलेल्या सुधारणा निस्तरण्यात त्या गृहस्थाचे सगळे रविवार खर्ची पडत असतात. तेव्हा ज्याने त्याने आपापल्या पूर्वसूरीचे नाव घालून घ्यावे, या सोयीसाठी मायन्यातील जागा मी रिकामी ठेवली आहे.

प्रथम मुद्देमालाचे वर्णन करतो, कारण आपण काय विकलेत याची आपणांस पूर्ण कल्पना असावी असे पुराव्यावरून दिसत नाही. गाडी सी. जे. ३ बी जातीची. अमेरिकेच्या विलीज कंपनीने १९५३ साली ती काढली, तेव्हा तिच्यात हरिकेन नावाचे २.२ लिटरचे, चार सिलिंडरांचे इंजिन घालावयाचे होते. त्या इंजिनात मिश्रण आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये अशी योजना असल्यामुळे त्याची उंची वाढली, ते जुन्या बॉनेटखाली मावेना, आणि म्हणून बॉनेटच उंच करण्यात आले. ही उंच कपाळाची गाडी अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाली. पण महिंद्रांनी ती आपल्याकडे पुढेही दीर्घकाळ बांधली, आणि आमच्या भागात तर प्रांतसाहेबांच्या दौऱ्यापासून साखर कारखान्याच्या शेतकी खात्यापर्यंत, आणि तेथून सेवानिवृत्त झाल्यावर वडापाच्या प्रवासी वाहतुकीपर्यंत, सर्व आश्रम या जातीने यथासांग पार पाडले. आपल्या गाडीच्या मागील पायरीला जो जादा दांडा जोडलेला आहे, त्यावरून तिनेही वडापाचे दिवस पाहिले असावेत.

या गाडीत वेग नाही, आराम नाही, आणि पावसाळ्यात कापडी हुडाखाली कोरडे राहण्याची शाश्वती नाही. परंतु तिच्यात एक गुण असा आहे की जो नंतरच्या पुष्कळ गुणवान गाड्यांत उरला नाही: ती परक्या माणसाला उघडता यावी अशा रीतीने बांधलेली आहे. तिची थोरली बहीण युद्धासाठी जन्मली होती, आणि जो शिपाई आज तिची देखभाल करील तो उद्या तेथे असेलच असे नाही, हे गृहीत धरूनच तिचा आराखडा आखला गेला होता. म्हणून जे झिजायचे ते बदलता यावे, जे सैल व्हायचे ते आवळता यावे, जेथे ग्रीस हवे तेथे निपल हाताशी यावे, आणि हे सर्व मूठभर पान्यांनिशी एखाद्या झाडाखाली उरकता यावे, अशी ती तजवीज होती. आपल्या समस्त सुधारणांत मला एकच समान सूत्र आढळले, ते हे की त्यांनी नेमका हाच गुण नाहीसा केला.

आता कलमवार निवेदन करतो. या गाडीचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायांखाली, तळपत्र्याच्याही खाली असतो, आणि त्यात ऑइल ओतता यावे म्हणून तळपत्र्यात एक लहानसे झाकण ठेवलेले असते. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते. ओल प्यालेले ऑइल घाटउतारावर तापले की लवकर उकळते, पायडल नरम पडते, आणि सिलिंडर आतून गंजत जातो तो वेगळाच. म्हणून ते झाकण उघडून वरचेवर पाहणे, याहून सोपे आणि याहून महत्त्वाचे काम या गाडीत दुसरे नाही. आपण तळपत्र्याचा गंज पाहून अस्वस्थ झालात, हे स्वाभाविक होते. परंतु त्यावर जाडजूड चेकर प्लेट आणून ती आपण या कडेपासून त्या कडेपर्यंत वेल्डिंगने बंदिस्त केलीत. त्यामुळे गंज होता तेथेच सुखाने नांदू लागला, झाकण त्याच्या सोबतीला गेले, आणि ब्रेकची चिंता करण्याचे कारणच दृष्टीआड झाले. मी ग्राइंडरने त्या प्लेटीत चौकोन कापून झाकण उघडले, तेव्हा आत जो पदार्थ सापडला त्याचा रंग आणि घट्टपणा काकवीचा होता.

डाव्या बाजूच्या चाकांचे प्रकरण याहून सविस्तर सांगण्याजोगे आहे. विलीजच्या जुन्या पद्धतीत डाव्या चाकांच्या स्टडना उलटे आटे असतात, जेणेकरून पुढे धावणाऱ्या चाकाच्या फिरण्याने नट सैल पडू नयेत. आपल्या कारकिर्दीत कोणीतरी असा एक नट नेहमीच्या दिशेने सोडवू लागला. तो सुटेना म्हणून पान्याला पाइप लावला. तरीही सुटेना म्हणून पाइपावर उभा राहिला. आणि स्टड तुटला. येथवर हा केवळ अपघात होय. परंतु तुटलेल्या स्टडच्या जागी सुलट आट्यांचा स्टड बसवून, आणि काही काळाने तोच प्रयोग शेजारच्या स्टडवर करून, आपण अपघाताचे धोरणात रूपांतर केलेत. परिणामी त्या एका चाकाच्या पाच नटांपैकी तीन उलटे आणि दोन सुलटे झाले, वरून सर्वांवर एकच काळा रंग समदृष्टीने फासण्यात आला, आणि रात्री रस्त्यात टायर बसला तर विजेरी घेऊन, गुडघे टेकून, एकेका नटाची स्वतंत्र जबानी घेतल्यावाचून चाक निघू नये अशी व्यवस्था झाली. ते पाचही स्टड मी काढून एकाच जातीचे बसविले आहेत, आणि चाकामागे ड्रमवर पांढऱ्या रंगाने 'उलटे आटे' अशी पाटी रंगविली आहे.

आपली सर्वांत महत्त्वाकांक्षी सुधारणा म्हणजे उंची. मूळची ६.००-१६ मापाची, जेमतेम २८ इंच उंचीची अरुंद चाके जाऊन त्यांच्या जागी ३१ इंची रुंद टायर आले. ते मडगार्डला घासू लागले म्हणून कमानींत जादा पाटे पडले. पाटे वाढले म्हणून गाडी वर उचलली गेली. ती वर गेली म्हणून प्रोपेलर शाफ्ट तिरपा झाला आणि त्याचे क्रॉस अकाली खडखडू लागले. आणि कमानी एवढ्या ताठर झाल्या की खडकाळ वाटेवर एक चाक दगडावर चढले की दुसरे खाली टेकण्याऐवजी हवेतच अधांतरी राहू लागले. ज्या दुर्गम वाटांसाठी आपण ही सिद्धता केलीत, त्या वाटांवर चालण्याची ऐपत गाडीने अशा रीतीने गमावली. बाजारपेठेतून जाताना मात्र ती भव्य दिसे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

या चाकांच्या वजनाने आणखी एक दुखणे उघडकीस आणले. ताशी ५० किलोमीटरच्या सुमारास पुढची चाके थडथडू लागत आणि स्टिअरिंग हातात ठरत नसे. किंगपिनची बेअरिंगे झिजली आणि त्यांखालच्या शिमांचा हिशेब चुकला की हे व्हायचेच; त्यावर उपाय म्हणजे ती बेअरिंगे काढून पाहणे, बदलणे आणि शिमा मोजून घालून पिनांचा ताण पुन्हा जुळविणे. परंतु हे काम बाहेरून दिसत नाही आणि डॅम्पर दिसतो, म्हणून आपण पिवळ्या रंगाचा एक आडवा डॅम्पर बसविलात. थडथड थांबली नाही. ती ५० वरून ६० वर जाऊन बसली, एवढेच. आणि ते ६० तरी कोणते, हे सांगणे कठीण. कारण मीटरची केबल ट्रान्स्फर केसमधून निघते, तिला चाके मोठी झाल्याची वर्दी कोणी दिलेली नव्हती, आणि काटा ५० दाखवी तेव्हा गाडी ५५ ने चाललेली असे.

दिवे, भोंगे आणि वायरिंग यांविषयी मी संक्षेपाने लिहितो, कारण त्यांचा विस्तार आपण पुरेसा केलेला आहे. फ्यूजच्या जागी आपण तांब्याची तार गुंडाळलीत. त्यामुळे फ्यूज जाण्याचे बंद झाले, आणि यापुढे काही गेलेच तर सबंध गाडी जाईल अशी सोय झाली.

कायद्याची बाजूही आपल्या कानी घालणे अगत्याचे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२व्या कलमाखाली नोंदणीतील तपशील उत्पादकाने मुळात ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ असाच कडक लावला. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. बंपरापुढील आपल्या क्रॅशगार्डाविरुद्ध तर केंद्र सरकारचे फर्मान डिसेंबर २०१७ पासूनच निघालेले आहे. या दराने आपल्या कर्तृत्वाचे मी मूल्यमापन करून पाहिले; आलेली बेरीज गाडीच्या किमतीच्या शेजारी बसण्यास लाजत नाही. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि त्या वेळी निरीक्षकासमोर हात जोडून उभा राहणारा इसम आपण नसता, मी असतो, हा तपशील आपल्या ध्यानी यावा.

एवढे लिहिल्यावर मी सुधारणामात्राचा शत्रू आहे असा आपला ग्रह होईल, तो बरोबर नाही. याच गाडीच्या मागील प्रोपेलर शाफ्टवरचा चिखल राकेलने धुऊन काढताना मला सरकत्या सांध्याच्या दोन्ही अंगांवर पंचाने मारलेला एकेक ठिपका दिसला. शाफ्टच्या दोन टोकांचे क्रॉस एकमेकांशी एका रेषेत बसावे लागतात. सांधा एखादा दात चुकून जोडला तर शाफ्ट थरथरतो, आणि त्याचे कारण शोधता शोधता माणूस गिअरबॉक्सपर्यंत जाऊन पोचतो. तो सांधा उघडण्यापूर्वी कोण्या फिटरने हातातले काम क्षणभर थांबवून, आपल्यानंतर गाडीखाली येणाऱ्या अनोळखी माणसासाठी हे दोन ठिपके मारून ठेवले होते. क्रॉस बदलताना मी ठिपक्यासमोर ठिपका आणला आणि शाफ्ट पहिल्या फटक्यात बसला. सुधारणा आणि खोडसाळपणा यांतील भेद मला एवढाच दिसतो: पहिलीत पुढच्या माणसासाठी खूण ठेवलेली असते, दुसऱ्यात रंग फासलेला असतो. जुनी गाडी घरी बाळगणारा माणूस तिचा मालक कागदोपत्रीच असतो. वस्तुतः तो एका लांबलचक वहिवाटीतला मधला कारकून होय, आणि आपल्या कारकिर्दीतील फेरफारांची रोजकीर्द त्याने लिहून ठेवली नाही, तर त्याच्या मागाहून येणाऱ्याने हिशेब कशाच्या आधारे जुळवावा?

हे ठिपके मागच्या शाफ्टवर आहेत. पुढच्या शाफ्टवरही ते असतीलच. परंतु पुढचा शाफ्ट गाडीत नाही. डॅशबोर्डावरील धातूची पट्टी चारही चाकांना जोर देण्याची रीत आजही सांगते, दोन्ही दांडे जागच्या जागी हलतात, आणि ट्रान्स्फर केसच्या पुढच्या तोंडाला मात्र जोडलेले काही नाही. पेट्रोल वाचावे म्हणून आपण तो काढलात, असे कळते. पण चाकांबरोबर पुढचा डिफरन्शियल आणि ॲक्सल फिरत राहिलेच. तेव्हा पेट्रोल जे वाचले असेल ते आपल्या समाधानापुरतेच, आणि लो गिअरचा सगळा भार मात्र एकट्या मागच्या ॲक्सलवर पडला.

सबब आपणांस विनंती अशी की, या गाडीत आपण काय काय, कोठून आणून आणि कशाच्या जागी बसविलेत, त्याची कैफियत सवडीने लिहून पाठवावी. ती शुद्धलेखनासह निर्दोष असण्याची आवश्यकता नाही. वाढविलेले पाटे, ३१ इंची चाके, पिवळा डॅम्पर, क्रॅशगार्ड, दोन भोंगे आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे, हा आपला सर्व माल उतरवून, चाके वगळता, मी पोत्यात बांधून ठेवला आहे. चाके भिंतीला टेकवून उभी आहेत. आपण पुढचा शाफ्ट घेऊन यावे आणि आपला माल घेऊन जावे. शाफ्ट भंगारात गेला असल्यास कोणत्या दुकानी गेला तेवढे कळवावे, मी तेथे जाईन. देवघेव झाल्यावर दोघांनीही एकमेकांस लेखी पोच द्यावी. तिची एक नक्कल गाडीच्या कागदांत राहील, म्हणजे माझ्यानंतर जो कोणी येईल त्यास असे पत्र लिहिण्याचे प्रयोजन उरणार नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

आपला,
विद्यमान मालक