बालकास मोबाईलची गोडी लावण्याचा शास्त्रोक्त विधी

पूर्वतयारी : बालकास पडद्याचा नाद लावण्यासाठी त्याच्या हाती मोबाईल द्यावा लागतो, हा समज अशास्त्रीय असून पालकांनी मोबाईल स्वतःच्या हातून खाली ठेवला नाही, तरी कार्यभाग साधतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाभराहून अधिक दाखवू नये, असे सुचवले; ही मर्यादा मुलांपुरती असल्याने आपण तिच्यातून सुटलो, असा अन्वयार्थ लावून विधीस प्रारंभ करावा.

पायरी पहिली, दृष्टी : वर्षाच्या आतबाहेरचे मूल मोठ्यांच्या नजरेचा माग काढून ते पाहतात तिकडेच पाहू लागते, यास मानसशास्त्रात ‘संयुक्त अवधान’, म्हणजे दोघांचे लक्ष जाणीवपूर्वक एकाच वस्तूवर असणे, असे म्हणतात. म्हणून हाताने खुळखुळा वाजवत असताना नजर मोबाईलवर खिळवून ठेवावी, म्हणजे दोहोंपैकी मोलाची वस्तू कोणती हे बालकास न सांगता उमगते.

पायरी दुसरी, मुद्रा : अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, आईने काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवताच तान्ही मुले हसून, हातवारे करून तिला बोलते करू पाहत आणि ते साधेना तेव्हा तोंड फिरवत, असे आढळले. त्या मातांना ही मुद्रा प्रयत्नपूर्वक धारण करावी लागे. आता ती विनासायास लाभत असल्याने बोबड्या प्रश्नास मान वर न करता केवळ ‘हं’ म्हणावे.

पायरी तिसरी, नैवेद्य : चिऊचा घास, काऊचा घास भरवताना खिडकीबाहेर खरा कावळा आला, तरी आपला अंगठा पडद्यावरून सरकत ठेवावा.

पायरी चौथी, उपदेश : ‘मोबाईलने डोळे बिघडतात’ हे वचन दिवसातून तीनदा, तथापि संदेश टंकता टंकताच उच्चारावे; आडात नाही ते पोहऱ्यात काढण्याचा हा प्रकार गंभीर चेहऱ्याने केल्यास अधिक फलदायी ठरतो.

सिद्धीची खूण : काही महिन्यांत बालक साबणाची डबी कानाशी धरून घरभर येरझारा घालू लागते आणि घास पुढे करताच, वर न पाहता, ‘एक मिनिट हं’ असे म्हणते. मोबाईल मात्र त्याच्या हाती अद्याप एकदाही दिलेला नसतो.