विटांची गाडी

तळहातात मावणाऱ्या त्या व्हिडिओ गेममधली रेसची गाडी सात चौकोनांची होती. नाकाला एक, त्याखाली तीन, मग कमरेला एक आणि मागच्या चाकांचे दोन. एवढ्या ऐवजात गाडी होते हे मानायला थोडी श्रद्धा लागते. पण सुपारीला गणपती मानून पूजा सुरू करणाऱ्या घरात वाढलेल्या मुलाजवळ तेवढी श्रद्धा आधीपासूनच असते. पडदा मळकट हिरवा, दोन्ही कडांना तुटक भिंत आणि मधे दोन लेन. आपली गाडी सदैव तळाशी. ती पुढे जात नाही. तिला फक्त डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे सरकता येतं. पुढे जाण्याचं सगळं काम रस्त्यानं अंगावर घेतलेलं असतं. वरून दुसऱ्या गाड्या खाली येत राहतात, आपण बाजूला होत राहायचं, आणि प्रत्येक बाजूला होण्याचे गुण मिळत राहतात.

या खेळातली एक गोष्ट मला आजही स्वस्थ बसू देत नाही. वरून येणाऱ्या गाड्यांचंही नाक वरच्याच बाजूला असायचं. म्हणजे त्या समोरून येत नव्हत्या, आपल्याच दिशेनं चालल्या होत्या आणि आपण त्यांना मागे टाकत होतो. हिशेबानं हे बरोबर होतं, पण डोळ्यांना पटत नव्हतं. डोळ्यांना दिसायचं ते असं, की अख्ख्या गावानं गाड्या रिव्हर्समध्ये टाकल्या आहेत आणि सगळे मिळून आपल्या अंगावर येताहेत. मुलुंड पूर्वेच्या आमच्या गॅलरीत यावर दिवाळीच्या सुट्टीत मोठी चर्चा झाली. सायन्सला गेलेल्या एका आतेभावानं सापेक्ष गती समजावून सांगितली. तो अकरावीला असल्यामुळे कुणी उलट बोललं नाही, पण तो घरी गेल्यावर गाड्या पुन्हा रिव्हर्समध्ये यायला लागल्या.

या गाडीची वंशावळ मात्र खानदानी आहे. बार्बी बाहुली विकणाऱ्या मॅटेल कंपनीनं १९७६ साली अमेरिकेत ‘ऑटो रेस’ नावाचा खेळ काढला. बटणं सोडली तर एकही हलता भाग नसलेला, हातात धरून खेळायचा पहिला इलेक्ट्रॉनिक खेळ म्हणून त्याचं नाव घेतात. आत कॅल्क्युलेटरसाठी बनवलेल्या जातीची चिप होती, आणि गाडी म्हणजे तांबड्या दिव्याची एक छोटी रेघ. तीन लेन, चार फेऱ्या, नव्व्याण्णव सेकंदांची मुदत; दुसऱ्या रेघेला धडकलात की पुन्हा खाली ढकलले जाणार. हा सगळा संसार ५१२ बाइटमध्ये मांडला होता. आत्ता तुम्ही वाचताय तो परिच्छेद देवनागरीत साठवायलाही संगणकाला याहून जास्त जागा लागते, आणि यात एकही गाडी पळत नाही. तिकडे ही रेघ धावत होती तेव्हा इकडे कुर्ल्याला, लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यात, प्रीमियर पद्मिनी तयार होत होती, आणि ती मिळवण्यासाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत होते. दिव्याच्या रेघेला गाडी मानणं तेव्हाच्या मुंबईकरालाही जड गेलं नसतं. पुष्कळांची गाडी बुकिंगच्या पावतीच्या रूपातच घरात नांदत होती.

आमच्या हातात आलेला खेळ नव्वदीच्या दशकातला. त्याचा मूळ पुरुष टेट्रिस, जो १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाझितनोव्ह या संगणकतज्ज्ञानं रचला. वरून पडणाऱ्या विटा नीट बसवायच्या, एवढाच तो खेळ. पुढे त्याच्या नकला स्वस्तात निघाल्या, आणि दहा बाय वीस चौकोनांचा पडदा तयारच आहे तर त्याच चौकोनांचा साप करू, रणगाडा करू, गाडी करू, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. वेष्टणावर ‘९९९९ इन १’ असं लिहिलेलं असे. आत खेळ मोजकेच; वेग बदलला, लेव्हल बदलली की तोच खेळ नवा म्हणून मोजायचा. फसवणूक म्हणावी तर जाहीर होती, आणि आकड्याचा रुबाब एवढा होता की तक्रार करावीशी वाटत नसे.

आमच्या घरात या खेळात सगळ्यात तरबेज निघाली ती आजी. गुहागरकडची, चौथी शिकलेली, कधीही कसलंही वाहन न चालवलेली. दुपारी सगळे पांगले की ती गॅलरीच्या उजेडात तोंड करून बसे, कारण त्या पडद्याला स्वतःचा दिवा नव्हता. ऊन थेट पडलं तर चकाकी, आत वळलं तर अंधार. मधली एक तिरपी जागा साधावी लागे, ती आजीला निवडणटिपण करून करून ठाऊकच होती. आम्ही मुलं मोठं गोल बटण दाबून धरून गाडी भरधाव सोडायचो आणि पुढच्या क्षणाला चरचरता आवाज करून फुटायचो. आजीनं ते बटण कधी दाबलंच नाही. वरून गाडी आली की ती बाजूला व्हायची आणि पुटपुटायची, “जा बाबा, तुला घाई दिसत्ये.” पुढची आली की पुन्हा, “तूही जा.” तिला आपण रेस खेळतोय याचा पत्ताच नव्हता. आपण सगळ्यांना वाट देतोय अशी तिची समजूत होती. आणि बाजूला होण्याचा तर तिला जन्मभराचा सराव. आधी सासरचं भरलेलं घर, मग चाळीतली दीड खोली. पाहुणा आला की तिची निजायची जागा बदले, दहावीचं मूल आलं की तिची बसायची जागा बदले. तीन चौकोन रुंदीची गल्ली तिला ऐसपैस वाटत असणार.

खेळाचा मोठेपणा सांगायचा तर मी हाच सांगेन: त्यात वाट कायम असायची. डावी लेन अडली तर उजवी मोकळी, उजवी अडली तर डावी. दोन्ही एकदम बंद करण्याचा दुष्टपणा त्या यंत्राला सुचलाच नव्हता. हरलो तर आपला अंगठा कमी पडला, एवढा सरळ व्यवहार. वैताग होता तो वेगाचा. लेव्हल पार केली की बक्षीस म्हणून अधिक वेग, तो पार केला की त्याहून अधिक. शेवटी अशी वेळ यायची की डोळ्याला गाडी दिसायच्या आत ती फुटलेली असे. चांगलं काम करणाऱ्याला आणखी काम, हा कचेऱ्यांतला नियम मला नोकरीच्या पुष्कळ आधी इथे कळला. आजी त्या टप्प्यावर आली की खेळ बंद करून चहा टाकायला उठे.

आणि सेल. दोन पेन्सिल सेल लागत, आणि ते नेहमी संध्याकाळी वाण्याचं दुकान बंद असतानाच मान टाकत. आधी पडद्यावरचे चौकोन फिके व्हायचे, मग गाडीची मागची चाकं दिसेनाशी व्हायची आणि आवाज घोगरा होई. मग सेल काढून तळहातांवर घासायचे, दातांनी हलकेच चावायचे, खिडकीत पापडांशेजारी उन्हात ठेवायचे. यानं ते खरंच तरतरीत होतात की आपली भाबडी समजूत असते, यावर घरात दोन पक्ष होते. सेवानिवृत्तीची पद्धत मात्र ठरलेली होती: खेळातून उतरलेला सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये जाई, रिमोटनं नाकारलेला भिंतीवरच्या घड्याळात. घड्याळाला फार अपेक्षा नसतात. पण सेल बदलले की खेळातला हाय-स्कोअर पुसला जाई. म्हणून आजीचा विक्रम कुठेच नोंदलेला नाही. तो मोडला गेला नाही, एवढंच सांगता येतं.

शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाला त्याच्या काकांनी दुबईहून अस्सल गेम बॉय आणला तेव्हा आमच्या विटांच्या गाडीवर अवकळा आली. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तल्या रोहसेनाचं तेच झालं होतं. शेजारच्या पोराची सोन्याची गाडी पाहिल्यावर त्याला रदनिकेनं करून दिलेली मातीची गाडी नकोशी झाली. तो रडला, आणि वसंतसेनेनं आपले दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत घातले. आमच्याकडे दागिने घालायला कुणी आलं नाही. ते बरंच झालं म्हणायचं, कारण पुढे न्यायसभेत रोहसेनाच्या वडिलांचा, चारुदत्ताचा, घात त्याच दागिन्यांनी केला. शिवाय गेम बॉयचा पडदाही आमच्याइतकाच मळकट हिरवा निघाला, त्यालाही दिवा नव्हता, आणि सेल मात्र चार लागत. त्या नाटकाची आठवण निघालीच आहे तर आणखी एक: वसंतसेना चुकीच्या गाडीत बसते, कारण गावाकडच्या बैलगाड्यांनी रस्ता अडवलेला असतो आणि खलनायक शकाराची गाडी नेमकी चारुदत्ताच्या दारापुढे खोळंबते. संस्कृत रंगभूमीवरचं एवढं मोठं संकट ट्रॅफिक जॅममधून उभं राहतं, हे उपनगरातल्या वाचकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता गाड्या फोनमध्ये गेल्या. त्यांना बॉनेटवर ऊन चमकतं, टायरखाली धूळ उडते, आणि फोनच डावी-उजवीकडे कलता करून गाडी वळवता येते. सकाळच्या लोकलमध्ये दाराजवळ उभा राहून एक मुलगा अशी गाडी चालवत होता. फोनला कलणं कळतं तसाच धक्काही कळतो, आणि तो नेमका कुणाचा हे काही त्याला उमगत नाही. त्यामुळे मोटरमननं कांजूरमार्गला ब्रेक लावला की युरोपातल्या कुठल्याशा घाटात या पोराची गाडी कठड्यावर जाऊन आदळे. तो वळण घ्यायला लागला की त्याचं कोपर शेजारच्या काकांच्या डब्यात घुसे. विक्रोळीपर्यंत काकांनी सहन केलं, मग म्हणाले, “अरे, जरा सरळ रस्ता असलेला गेम लाव ना.” मुलगा हसला. तेवढ्यात त्याच्या गाडीवर जाहिरात आली आणि ती संपेपर्यंत दोघंही एकाग्रतेनं ती पाहत राहिले. आमच्या विटांच्या गाडीला हे येत नव्हतं. तिला काही विकायचं नव्हतं, आणि घरी विसरून गेलो तरी ‘तुमची गाडी गॅरेजमध्ये वाट पाहत्येय’ असा निरोप पाठवत नव्हती.

खऱ्या रस्त्यानंही आता व्हिडिओ गेमकडून काही घ्यायचं ठरवलेलं दिसतं. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. नव्या पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, आणि लोकांच्या लक्षात आलं की शेजारचा बर्फीवाला पूल आणि हा पूल यांच्या उंचीत दीड-दोन मीटरचं अंतर आहे. दोन रस्ते एकमेकांना भेटायला निघाले आणि एक जिन्यावर, एक अंगणात असे उभे राहिले. फोनमधल्या गाडीनं तिथे झेप घेतली असती, आकाशात एक गिरकी मारून वर नाणीही मिळवली असती. अंधेरीकर मात्र खालून वळसा घालून गेले. जुलैत दोन्ही पूल जोडले गेले तोवर जातच राहिले. आमच्या दोन लेनच्या यंत्राला वाट सोडण्याची जी साधी रीत ठाऊक होती, ती वाहतुकीच्या नकाशात कुठे हरवते, याचा मी रिक्षात बसून पुष्कळ विचार केला आहे. रिक्षात त्यासाठी वेळही भरपूर मिळतो.

आजी मोटारीत पुढच्या सीटवर बसली ती मात्र एकदाच. काकांनी जुनी पद्मिनी घेतली होती, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली, आणि घाटकोपरला लग्न होतं. आजी नऊवारी आवरून ताठ बसली, मांडीवर आहेराची पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मी मागून पाहत होतो. समोरून ट्रक आला की तिचा डावा अंगठा पिशवीत रुतायचा, सायकलवाला मधे घुसला की उजवा. काकांना वाटत होतं गाडी ते चालवताहेत. नाहूरपर्यंत आजीनं आम्हाला व्यवस्थित आणलं. भांडुपला मात्र शास्त्री मार्ग भरून उभा राहिला. ट्रक थांबले, बेस्टची बस थांबली, हातगाडी थांबली, काकांनी इंजिन बंद केलं. डावीकडे वाट नाही, उजवीकडे नाही, वरूनही कुणी येईना. आजीनं दोन्ही अंगठे एकदा दाबून पाहिले, थोडा वेळ वाट पाहिली, मग काकांकडे वळून हळूच म्हणाली, “सेल गेले वाटतं रे.”