खडक जमला, पाणी राहिलं

आमचं धामणगाव बढे मोताळा तालुक्यात, राजूर घाटाच्या खाली. रेल्वे पकडायची तर आधी मलकापूर गाठायचं, आणि तिथून रात्रभर डुलक्या काढल्यावर मुंबई. त्यामुळे गावाला समुद्राबद्दल आदर आहे, ओळख नाही. अशा गावात मी, सेवानिवृत्त चित्रकला शिक्षक, तीन बाय दोन फुटांचा समुद्र रंगवून बैठकीत टांगला. तोही एप्रिलात. नळ नवव्या दिवशी आला त्या सकाळी.

समुद्राची आणि माझी गाठ पडली ती भाचीच्या लग्नामुळे. दिवाळीनंतर श्रीवर्धनला लग्न, दुसऱ्या दिवशी वऱ्हाड हरिहरेश्वरला. तिथली प्रदक्षिणा म्हणजे साधीसुधी नाही. दोन कड्यांच्या फटीतून पायऱ्या उतरायच्या आणि थेट समुद्राच्या तोंडाशी उभं राहायचं. ओहोटी असेल तरच जायचं. भरतीच्या वेळी लाटांनी माणसं ओढून नेलेली आहेत. काळाकभिन्न खडक, त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं, आणि समोरून येणारं पाणी असं आदळतं की जणू त्याचे पैसे बुडवून खडक लपून बसलाय.

मी वही काढली. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, अर्धा तास. चारची एसटी आहे."

टर्नर नावाचा थोर इंग्रज चित्रकार वादळ बघायला स्वतःला चार तास जहाजाच्या डोलकाठीला बांधून घेतलं होतं असं सांगायचा. त्याला चारची एसटी नव्हती. मी घाईघाईनं खडक बॉलपेननं काढले, अगदी भोकं मोजून. वरच्या अर्ध्या कागदावर जलरंगात समुद्र घेतला. ब्रश धुवायला वाकलो तोच एक लाट, फारशी मोठीही नाही, आली आणि वहीवरून हात फिरवून गेली. बॉलपेनचा खडक जागच्या जागी. समुद्र साफ! आपलं चित्र पसंत न पडल्यास ते स्वतःच पुसणारं मॉडेल मला तीस वर्षांच्या नोकरीत भेटलं नव्हतं.

म्हणजे घरी येऊन खडक बघून रंगवायचा होता आणि समुद्र आठवून. लाटेचा अभ्यास करायला नळगंगा धरणावर गेलो. तास दीड तास बसलो. म्हशी उतरल्या तेव्हा कुठे पाणी हललं. फेसाचा प्रश्न मात्र घरातच सुटला. वेचणीचे दिवस, शेजारच्या पडवीत छतापर्यंत कापूस. खिडकीतून त्या ढिगावर ऊन पडलं की अगदी फुटलेली लाट. तोच बघून फेस रंगवला.

तैलरंगाला लागतं लिनसीड ऑईल. मी ते वर्षानुवर्षं शहरातून कौतुकानं आणायचो. एकदा सौभाग्यवतींनी बाटली हुंगून पाहिली. "हे तर जवसाचं तेल!" होतंच ते. हे तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतं, म्हणूनच रंग धरून ठेवतं. पण तेव्हापासून घरात जवसाची चटणी केली की मला बोलावणं येतं, "तुमचा समुद्र वाटून झालाय, जेवायला बसा."

चित्र टांगल्यावर गाव बघायला आलं. समुद्राचा रंग मी जसा दिसला तसा दिला होता, करडा-हिरवा. पहिलीच प्रतिक्रिया: "सर, समुद्र निळा असते ना? हे तर नाल्याचा पयला पूर वाटते." जिनिंगमध्ये कामाला असलेला माझा एक जुना विद्यार्थी फेसाजवळ नाक नेऊन म्हणाला, "सर, हे रुई हाय की सरकीसकट?" टर्नरच्या त्या वादळाच्या चित्राला १८४२ मध्ये लंडनच्या टीकाकारांनी साबणाचा फेस आणि चुना म्हटलं होतं. आमच्या टीकाकाराला निदान प्रतवारी कळत होती.

समोरच्या वहिनींचं माहेर संग्रामपूरकडचं, म्हणजे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. त्यांनी तर विषयच संपवला. "खारं पानी पैशे खर्चून भितीले लावलं का भाऊजी? आमच्या माहेरी हापशातून येते."

मन खट्टू झालं की मी अजिंठ्याला जातो. आमच्या भागातलं समुद्राचं सर्वांत जवळचं चित्र तिथेच आहे. दोन क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज आहे, त्यावर रांजण मांडून ठेवलेले. पूर्ण नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे ती. त्याच्या भावाचं चंदन भरलेलं जहाज वादळात सापडतं आणि पूर्ण त्याला वाचवतो. दीड हजार वर्षांपूर्वीचं काम. लेणं खोदलंय काळ्या दगडात, समुद्र कुठल्या कुठे. त्या चित्रकारानं तो कधी पाहिला होता की नाही, कोण जाणे. पण रांजण त्यानं नक्की पाहिले होते. ते असे ठसठशीत उतरलेत की हात घालून पाणी प्यावं. (आमचा गाईड मात्र बॅटरी जहाजावरून झर्रकन पुढे नेतो, त्याला पुढच्या लेण्याची घाई असते.)

परत आलो तर ओसरीवर आबाजी बसलेले. आसपासच्या शिवारातल्या कितीतरी विहिरी त्यांच्या हातच्या. मी त्यांना चित्रापुढे नेलं. समुद्राकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला आणि खालच्या कोपऱ्यातल्या खडकावरून बोट फिरवायला लागले. रंग पुरता वाळला नव्हता, पण मी गप्प बसलो.

"या दगडाले देवी आल्या वाटते. पन हाय आपलाच. काया पासान. असा कुठं लागला तुमाले?"

सांगितलं, हरिहरेश्वरला, पार समुद्रात. हेही सांगितलं की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथून तिथवर लाव्हाचे थरावर थर पसरले, त्याचाच हा दगड. अजिंठ्याचा तोच, तुमच्या विहिरींचाही तोच. त्यांना त्यात नवल काहीच वाटलं नाही. बोट एका बारीक भेगेवर थांबलं. ती मी बॉलपेननं जशी दिसली तशी उतरवली होती, अर्थ न कळता.

"हे सळ पायली का मास्तर? इथं सुरुंग लावा. पंधरा हातावर पानी लागते."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या चित्रावर एवढा विश्वास टाकला होता. मी हरखून विचारलं, "गोड का खारं?"

आबाजींनी तेव्हा कुठे मान वर केली, माझी करडी-हिरवी लाट, रुईचा फेस, सगळं एकवार नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "ते वरचं पुसून टाका. मंग सांगतो."