आज टर्की नाही हं!

थँक्सगिव्हिंग होऊन दोन दिवस झालेत, आणि फोन येतो: "संध्याकाळी जेवायलाच या. आज टर्की नाही हं!" एडिसनमधल्या मराठी माणसाने यावरून काय समजायचं ते समजावं आणि निघण्यापूर्वी घरी दोन पोळ्या खाऊन घ्याव्यात. फोन करणारे काका तुमच्या ओळखीचे आहेत. प्रत्येक मंडळात असे एक असतातच. खरं आडनाव काहीही असो, जमात म्हणून त्यांना उरलेकर म्हणायला हरकत नाही.

ताटात बिर्याणी येते. दिसायला सुरेख. केशर, तळलेला कांदा, दाणा न् दाणा मोकळा. तिसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी अडकतं. लांब, पांढरं, सुतळीच्या स्वभावाचं. पाहुणा मान वर करतो, तर काका आधीपासूनच त्याच्याकडे बघत असतात.

"काका, टर्की नाही म्हणालात ना?"

"टर्की कुठाय? बिर्याणी आहे!"

पदार्थाचं नाव बदललं की तो शिळा राहत नाही, हे उरलेकरांचं सगळं तत्त्वज्ञान. मराठी माणसाला यावर वाद घालायला तोंड नाही. पोळी उरली की कुस्करा, भात उरला की फोडणीचा भात, आणि पुरणासाठी शिजवलेल्या डाळीचं पाणी उरलं की त्याची कटाची आमटी करून सणाच्या पानात मिरवणारे आपण. काकांनी तेच शास्त्र समुद्रापार नेलं आणि आठ किलोंच्या पक्ष्याला लावलं, एवढंच.

हा पक्षी घरात येतो कसा, तेही ऐकण्यासारखं आहे. न्यू जर्सीतल्या काही सुपरमार्केटांत सणाआधीच्या आठवड्यांत ठरावीक रकमेची खरेदी केली की टर्की फुकट मिळते. फुकट! त्या फुकट टर्कीसाठी काका कपडे धुण्याची पावडर, पेपर टॉवेल आणि टोमॅटोच्या डब्यांनी गॅरेज भरून टाकतात. काकूंची गाडी थंडीभर बाहेर बर्फात उभी राहते. मग हाती येते 18 पौंडांची, दगडासारखी गोठलेली टर्की. माणशी एक ते दीड पौंड असा अंदाज धरला, तर बारा ते अठरा जणांची. उरलेकरांकडे ती मनापासून खाणारी माणसं मोजली तर भरतात एक. काका. काकू शुद्ध शाकाहारी. त्या तिचं नावही घेत नाहीत, "तो पक्षी" म्हणतात. दर चार-पाच पौंडांना एक दिवस या हिशेबाने तो पक्षी फ्रीजमध्ये विरघळायला चार दिवस घेतो आणि तेवढे दिवस काकूंची कोथिंबीर खिडकीत वनवास भोगते.

गुरुवारी दुपारी टर्की भाजून टेबलावर येते. पाहुणे सभ्यपणे दोन-दोन फोडी घेतात आणि पनीरकडे वळतात. यजमानाने खरं तर खट्टू व्हायला हवं. काकांच्या चेहऱ्यावर मात्र कच्चा माल वेळेवर पोचलेल्या कारखानदाराचं समाधान असतं. केमिकल इंजिनियर म्हणून निवृत्त झालेला माणूस. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, तिथे ते तीन ते चार दिवस ठेवावं, पुन्हा तापवताना आतपर्यंत 74 अंश सेल्सिअस गाठावं, ही अमेरिकेच्या कृषी खात्याची शिकवण ते संध्येसारखी पाळतात. दह्याच्या रिकाम्या डब्यांत सगळं भरलं जातं आणि प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख व वेळ टाकली जाते. लिहिलेलं नसतं ते फक्त आत काय आहे ते.

हाडं त्याच रात्री आलं, मिरी, दालचिनी घालून कुकरमध्ये जातात. शुक्रवारी अख्खी अमेरिका दुकानांत लोटते तेव्हा काका खिमा परतत असतात. "आज टर्की नाही हं, खिमा!" मांडीचं गडद मांस खिम्याला आणि छातीचं पांढरं मांस रश्श्याला, ही त्यांची वाटणी मात्र अचूक आहे. छातीचं मांस दुसऱ्यांदा तापवलं की भुशासारखं कोरडं होतं. कोल्हापुरी तांबड्या रश्श्यात बुडवलं तरच घशाखाली उतरतं.

पण काकांची खरी प्रतिभा दिसते ती सोबतच्या पदार्थांत. मॅश्ड पोटॅटोचे बटाटेवडे होतात. दूध-लोण्याने बटाटा सैल झालेला असतो, म्हणून त्यात पोह्यांची पूड. स्टफिंग म्हणजे पावाचे तुकडे, कांदा, सेलरी आणि सेज नावाचा उग्र पाला. ते भाजणीत मळलं की थालीपीठ. पम्पकिन पायचं सारण कणकेत मळलं की घारगे. क्रॅनबेरी सॉसला मोहरी-मेथ्यांची फोडणी आणि लाल तिखट दिलं की त्याचा जो मेथांबा होतो, तो खाऊन त्यांचे कट्टर शत्रूही डबा मागून नेतात. क्रॅनबेरी न्यू जर्सीच्याच पाइन बॅरन्समध्ये पिकते, म्हणून काका तिला "आपल्या गावची" म्हणतात. हार पत्करली ती एका ग्रीन बीन कॅसरोलपुढे. मशरूम सूपमध्ये फरसबी घालून भाजायचा हा पदार्थ 1955 साली कॅम्पबेल सूप कंपनीच्या डॉर्कस रायली यांनी काढला. काकांनी त्याला ओलं खोबरं लावून पाहिलं, गोडा मसाला लावून पाहिला. सूप काही फरसबीला सोडेना. "बाईंनी पक्कं काम केलंय," असं म्हणून त्यांनी तो नाद सोडला.

रताळ्यांवरून मात्र घरात महाभारत झालं. एका वर्षी एकादशी सणाला लागूनच आली. काकांनी उपासाचा म्हणून रताळ्याचा गोड कीस काकूंपुढे ठेवला. दोन चमचे खाल्ल्यावर काकूंना त्यात पांढरं, चिकट काहीतरी दिसलं. मार्शमेलो. अमेरिकेत रताळ्यांवर तो पसरून भाजतात, आणि त्यात जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा अर्क. पकडले गेल्यावर काका एवढंच म्हणाले, "पण टर्की तर नाही ना?" पुढचे तीन दिवस काकू त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

पानात टर्की आणि कानात इतिहास, असं काकांचं वाढप असतं. हा पक्षी मूळचा अमेरिकेचा, पण त्याचं गाव कुणालाच नीट सांगता आलं नाही. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं, तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात, पोर्तुगीज 'पेरू'. 1612 मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगिरासाठी जे चमत्कारिक प्राणी नेले त्यांत एक टर्की होती. बादशहाने उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं आणि ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हे सगळं खरं आहे. वैताग असा की हे सांगून झाल्यावर काका समोर मेयोनेझमध्ये कालवलेली कोशिंबीर ठेवतात आणि म्हणतात, "आज टर्की नाही हं, पेरू आहे!"

त्यांचं आराध्यदैवत स्वॉन्सन कंपनी. 1953 मध्ये तिच्याकडे 260 टन टर्की न विकता उरली, रेल्वेच्या दहा थंड डब्यांतून ती फिरत राहिली आणि त्यातून तयार जेवणाचा 'टीव्ही डिनर' जन्मला, अशी कथा सांगतात. श्रेय नेमकं कुणाचं, यावर वाद आहेत. काकांना वादाशी कर्तव्य नाही. "260 टन!" म्हणताना त्यांचा आवाज कातर होतो.

एवढं सगळं असूनही या माणसाला टाळता येत नाही, त्याचं कारण फ्रीझरच्या दारावर आहे. तिथे चुंबकाखाली एक पिवळा पडलेला कागद आहे. इथली मुलं शाळेत स्वतःचा पंजा कागदावर ठेवून भोवतीने रेघ काढतात, अंगठ्याचं डोकं करतात आणि बोटांची पिसं रंगवतात, की झाली टर्की. 1985च्या सुमारास काकांची मुलगी तो कागद घेऊन घरी आली आणि तिने विचारलं, सगळ्यांकडे असते, आपल्याकडे का नसते? त्या घरात तोवर अंडंसुद्धा शिजलं नव्हतं. काकांनी बटरबॉल कंपनीच्या टर्की टॉक-लाइनला फोन लावला. ती 1981 पासून चालू आहे. पलीकडच्या बाईंनी अर्धा तास त्यांची शिकवणी घेतली. टर्की बाहेरून करपली आणि आत बर्फ राहिला. पोरीने तरी जेवढी खाण्याजोगी होती तेवढी खाल्ली आणि सोमवारी वर्गात सांगितलं, आमच्याकडे पण होती.

ती मुलगी आता व्हीगन आहे. अकरा वर्षं झाली. दर वर्षी येते, टोफू घेऊन येते, टर्कीकडे बघतही नाही. मग अठरा पौंडांची आणता कशाला, असं विचारलं तर काका म्हणतात, "फुकट मिळते."

रविवारी तिचं विमान असतं. क्रॅनबेरीचा मेथांबा विमानतळाच्या नियमांत द्रवात मोडतो, 100 मिलिलिटरपेक्षा जास्त हातात नेता येत नाही. म्हणून काका तो डबा स्वतः तिच्या मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवतात. घरातल्या सगळ्या डब्यांत त्या एकाच डब्यावर तारखेखाली आत काय आहे ते लिहिलेलं असतं: "टर्की नाही". आणि त्यात खरोखरच नसते.

तुमच्याकडे काकांचे दह्याचे डबे पडून असतील तर तेवढे परत करा. ते मोजून ठेवतात. रिकामा डबा परत द्यायचा नसतो हे तुम्हाला सांगायला नको, पण त्यात काहीतरी ताजं घाला.