आधी भिंत

आमच्या सोसायटीत ‘गाडी चार्ज होत नाहीये’ हे वाक्य मोठ्याने बोलायचं नसतं. कंपनीला फोन लावायचा असेल तर गच्चीवर जावं. पार्किंगमध्ये बोललात तर ते दुसऱ्या मजल्यावर अण्णांच्या कानी जातं आणि तुमची सकाळ गेलीच म्हणून समजा.

अण्णा घाईने खाली येत नाहीत. लेंगा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात टेस्टर, हातात पिवळा मल्टिमीटर. मीटरच्या लाल-काळ्या वायरी नीट गुंडाळून त्यांना मिठाईच्या खोक्याचं रबर लावलेलं. ते रबर काढून मनगटात अडकवायचं, कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचा आणि गाडीकडे पाठ करून उभं राहायचं. हो, पाठ करून. “आधी भिंत. मग वायर. मग चार्जर. गाडी शेवटी,” हा अण्णांचा क्रम, आणि तो ते साक्षात गाडीच्या मालकासाठीही मोडत नाहीत. मालकाच्या डोळ्यांपुढे तेव्हा नव्या बॅटरीचं बिल नाचत असतं. अण्णा मात्र भिंतीवरच्या सॉकेटकडे, मुलगी बघायला आल्यासारखे, सगळ्या बाजूंनी बघत असतात.

“काल चालत होती हो, अण्णा.”

“म्हणजे कालपासून आजपर्यंत काहीतरी बदललं. काय बदललं ते आठवा.”

आठवेपर्यंत सुटका नाही. पाहुणे आले होते का? पार्किंग धुतलं का? रंगारी आले होते का? सीटखाली कुणी हात घातला का? एकदा या उलटतपासणीतून असं निघालं, की तळमजल्यावरच्या आजोबांच्या नातवाने सीटखालचा एमसीबी पाडून ठेवला होता. आजोबांनी रात्री चार्जर लावला, लावल्या लावल्या हिरवा दिवा लागला, आणि हल्ली गाडी किती पटकन चार्ज होते असं आजींना सांगून ते झोपले. सकाळी गाडी ढिम्म. अण्णांनी एमसीबी वर केला, दिवा लाल झाला, आणि मग जमलेल्या चौघांना ऐकवलं, “हिरवा दिवा म्हणजे चार्ज झाली असं नव्हे. हिरवा दिवा म्हणजे चार्जर सांगतोय, माझ्याकडून कुणी काही घेत नाहीये. पोट भरलंय म्हणून घेत नाही, की पानावर कुणी बसलंच नाही, हे तुम्ही बघायचं.”

अण्णांचं आयुष्य चिंचवडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला गेलं. लाइन बंद पडलेली, मागे साहेब घड्याळ बघत उभा, अशा वेळी आधी मोजायचं आणि मग हात लावायचा, ही सवय तिथली. निवृत्त झाल्यावर पाच-सहा वर्षं त्यांच्यासारख्या माणसाला इमारतीत काही कामच नव्हतं. पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे, बस. काकू सांगतात, तेव्हा ते घरातली घड्याळं उघडत असत. मग पार्किंगमध्ये एकेक विजेची स्कूटर यायला लागली आणि अण्णांच्या चेहऱ्यावर तेज आलं. 2020 च्या जानेवारीत चेतक विजेवर होऊन पुण्यात परत आली, तेव्हा अण्णा शोरूममध्ये जाऊन आले. विक्रेत्या मुलाने रंग दाखवले. अण्णांनी विचारलं, “सेल किती आहेत सिरीजमध्ये?” मुलगा म्हणाला, “सर, सीरिज एकच आहे, रंग बरेच आहेत.” हा किस्सा ते अजून सांगतात. स्वतः मात्र अजून जुन्या पेट्रोलच्या चेतकवरच फिरतात. का, असं विचारलं तर म्हणतात, “ती बिघडत नाही हो. तिचं सगळं मला ऐकू येतं.”

भिंतीवरचा त्यांचा राग तसा अनाठायी नाही. आमच्या इमारतीत सुरुवातीला प्रत्येकाने आपापल्या घरातून वायर खाली सोडली होती. कुणाची पावसाच्या पाइपला सुतळीने बांधलेली, कुणाची खिडकीच्या फटीतून काढलेली. एकाने वायर उरली म्हणून तिचं वेटोळं करून खिळ्याला टांगलं होतं. अण्णांनी त्या वेटोळ्याला पालथा हात लावला आणि झटकन काढला. “सगळी मोकळी करून पसरा. गुंडाळलेल्या वायरीतून तासन्तास करंट गेला की उष्णता आतल्या आत कोंडते. आज कव्हर मऊ झालंय, उद्या वितळेल.” त्या गृहस्थांना ते पटलं नाही, पण अण्णांनी पिन ओढून काढली तेव्हा तिचा एक पाय तपकिरी पडलेला होता, तो पटला.

आणि मग त्यांचं लाडकं वाक्य: “लोडवर मोजा.” हे ते कुठेही वापरतात. नव्या जावयाबद्दल, सोसायटीच्या सेक्रेटरीबद्दल, निवडणुकीतल्या उमेदवारांबद्दल. त्याचं मूळ आमच्या कोपऱ्यातल्या एका सॉकेटमध्ये आहे. तिथली स्कूटर पाच मिनिटं चार्ज व्हायची आणि थांबायची. कंपनीचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला. तेवीस-चोवीस वर्षांचा, नम्र, घाईतला. त्याने गाडीला केबल जोडली, पडद्यावर सगळं हिरवंगार. सॉकेटवर मीटर धरला, 231 व्होल्ट. “काका, प्रॉब्लेमच नाहीये.” अण्णा म्हणाले, “आता चार्जर चालू करा आणि मोजा.” चालू केला. 231 चे 158 झाले आणि चार्जरने डोळे मिटले. सॉकेट उघडलं, तर मागे न्यूट्रलचा स्क्रू ढिला, तार काळी. ओझं नसताना आकडा सरळ, ओझं आलं की कोसळणार. मुलाने मुकाट्याने अण्णांचा नंबर लिहून घेतला. आता अधूनमधून रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. कोथरूडहून, हडपसरहून. काकू पोह्यांवर झाकण ठेवतात.

पण अण्णांची खरी कीर्ती अर्थिंगची. चौथ्या मजल्यावरच्या मुलीने नवी स्कूटर घेतली. माहेरी साताऱ्याला व्यवस्थित चार्ज व्हायची, इथे आली की चार्जरवर लाल खूण आणि हटून बसायची. मुलगी रडकुंडीला आली. अण्णांनी सॉकेटच्या न्यूट्रलला एक टोक लावलं, अर्थला दुसरं. तिथे फार तर दोन-तीन व्होल्ट दिसावेत, तर दिसले चाळीसच्या वर. “गाडी शहाणी आहे,” अण्णा म्हणाले, “आपली इमारत वेडी आहे. हिला अर्थ नाही.” मग त्यांनी मागच्या बाजूला बोगनवेलीखालचा अर्थिंगचा खड्डा शोधून काढला. बिल्डरने मीठ-कोळसा घालून बुजवलेला, वर सिमेंटचं झाकण, आणि मे महिन्यात आतली माती ठणठणीत कोरडी. पट्टीचा नट गंजून सुटलेला. नट बदलला, खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी चार्जरची लाल खूण गेली आणि मुलीने पेढे आणले.

तेव्हापासून उन्हाळ्यात दर शनिवारी सकाळी आंघोळ करून अण्णा त्या खड्ड्यात पाणी घालतात. ओली माती वीज नीट वाहून नेते, कोरडी नेत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण नवा वॉचमन बिहारचा. आंघोळ केलेला म्हातारा, हातात तांब्याची कळशी, शनिवार. त्याने दोन आठवडे लांबून हात जोडले आणि तिसऱ्या आठवड्यात झाकणावर जास्वंदीचं फूल ठेवलं. मग पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी हळदकुंकू वाहिलं. अण्णा आधी चिडले, नंतर विचार करून म्हणाले, “राहू दे. निदान त्यावर कुणी स्कूटर उभी करणार नाही.”

अण्णांचा सल्ला माणसागणिक बदलतो अशी एक तक्रार आहे. तळमजल्यावरच्या आजोबांना ते सांगतात, रोज पूर्ण चार्ज करा, अर्धी ठेवू नका. चौथ्या मजल्यावरच्या मुलीला सांगतात, रोजच्याला ऐंशी टक्के पुरे. दोघं लिफ्टमध्ये भेटली, सल्ले ताडून पाहिले आणि अण्णांकडे जाब विचारायला गेली. अण्णांना इतका आनंद क्वचित होतो. त्यांनी दोघांना बसवून सांगितलं, की आजोबांची बॅटरी शिशाची. तिला अर्धपोटी ठेवलं की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती दिलेलं घेईनाशी होते. मुलीची लिथियमची, तिला रोज काठोकाठ भरून ठेवलं की ती लवकर म्हातारी होते. मात्र मधूनमधून कंपनीच्या पुस्तकात दिलंय तशी पूर्ण भरायची, म्हणजे आतले सगळे सेल एका पातळीवर येतात. शेवटच्या दोन टक्क्यांना वेळ लागतो तो त्यासाठी. मुलीला ते पाच मिनिटांत कळलं. पण आजोबांचा चहा संपेपर्यंत कुणी उठायचं नव्हतं.

आजोबांच्या गाडीचा आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण त्या दिवशी मी अण्णांच्या शेजारी उकिडवा बसून टॉर्च धरला होता. या खेपेला दिवा रात्रभर लालच राहिला होता आणि सीट गरम लागत होती. अण्णांनी चार्जर काढायला लावला, गाडी गार होऊ दिली, सीट उघडली. खाली बारा-बारा व्होल्टच्या पाच बॅटऱ्या, एकीला एक जोडलेल्या. अण्णा एकेकीच्या टोकांना वायरी टेकवायचे आणि आकडा उच्चारायचे. मी तो त्यांच्या वहीत लिहायचा. वही एका सहकारी बँकेची, 2011 ची. 12.8. 12.9. 12.8. मग अण्णा थांबले. वायरी काढून पुन्हा टेकवल्या. 10.6. “सापडली,” ते इतक्या हळू म्हणाले, की आजोबांना ऐकूच गेलं नाही. “बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, एकेक दोनच्या जरा वर. दोन कमी भरले, म्हणजे एक सेल गेला. तिच्यापायी एकूण आकडा कधी पुरा होत नाही, चार्जर थांबत नाही, आणि बाकीच्या चौघी फुकट उकळतात.” पाचवी 12.8. ती मोजायची आता गरज नव्हती, पण अण्णांनी मोजली. दोष सापडला म्हणून तपासणी अर्धी टाकणारा माणूस त्यांना आवडत नाही.

लिथियमचा डबा मात्र ते उघडत नाहीत. शिशाच्या बॅटरीशी जितकी सलगी, तितकंच इथे अंतर. 2022 च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्याच्या बातम्या येत होत्या तेव्हा त्यांनी प्रत्येक कात्रण नोटीस बोर्डावर लावलं, सेक्रेटरीने काढलं, त्यांनी पुन्हा लावलं. त्या दिवसांत दुसऱ्या विंगमधला एक तरुण आपली सुटी बॅटरी घरात नेऊन दाराशी, चपलांच्या स्टँडखाली, रात्रभर चार्ज करतो असं त्यांना कळलं. एरवी कुणाला अरे-तुरे न करणारे अण्णा त्याच्या दारात उभे राहून ओरडले, “अरे, आग लागली तर बाहेर पडणार कुठून? तुझी आई चालत नाही नीट!” तो पोरगा सटपटला. त्याच संध्याकाळी अण्णांनी त्याला खालच्या सॉकेटची स्वतःची पाळी देऊन टाकली. पेट्रोलची गाडी चालवणाऱ्या माणसाने सॉकेटची पाळी का लावून ठेवली होती, हे कुणी विचारलं नाही.

त्यांना दुःख होतं ते गाडी आपोआप बरी झाली की. मध्यंतरी तीन-चार स्कूटर ऐंशी टक्क्यांवर अडायला लागल्या. अण्णांनी दोन दिवस भिंती मोजल्या, वही भरली. तिसऱ्या दिवशी कंपनीने कुठूनतरी परस्पर सॉफ्टवेअर धाडलं आणि सगळ्या गाड्या शंभरला पोहोचल्या. मालक खूश. अण्णा बाकावर बसून होते. “बरी झाली हे ठीक आहे,” ते म्हणाले, “पण झालं काय होतं?” याचं उत्तर त्यांना आजतागायत कुणी दिलेलं नाही. काकूंच्या मते ते त्या दिवशी जेवले नाहीत. अण्णांच्या मते त्या दिवशी चतुर्थी होती.

यंदा सोसायटीने पार्किंगमध्ये रीतसर चार्जिंगची व्यवस्था करायचं ठरवलं. अण्णांनी दोन पानी टिपण दिलं: प्रत्येक गाडीला वेगळी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, वेगळा एमसीबी, तीस मिलिअँपिअरला सुटणारी आरसीसीबी, सोळा अँपिअरचं सॉकेट, आणि अर्थिंगचा नवा खड्डा. कमिटीने टिपणाबद्दल त्यांचे आभार मानले आणि सगळ्यात कमी कोटेशन मंजूर केलं. त्यात अडीचची तार होती आणि खड्ड्याचा उल्लेखच नव्हता. अण्णा उभे राहिले, आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घेतला, तारखेसह पुन्हा वाचून दाखवायला लावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बसने बुधवार पेठेत जाऊन नवाकोरा क्लॅम्प मीटर घेऊन आले.

“पहिला चालत नाही का?” काकूंनी विचारलं.

“चालतो. पण तार न सोडता अँपिअर मोजता येत नाहीत त्यात,” अण्णा मीटरचा जबडा उघडून मिटून बघत म्हणाले. “आता लागणार आहेत.”