फ्लॅट दाखवणे आहे

आमच्या नारायण पेठेत दर दोन इमारतींमागे एक तरी असा गृहस्थ सापडतो, की ज्याचा फ्लॅट विकायला निघालेला असतो आणि विकला मात्र जात नाही. गिऱ्हाईक येत नाही असं नाही. येतं, चहा घेतं, अर्धा तास इतिहास ऐकतं आणि जिना उतरून जातं. आमच्या जिन्यातले नाना हे ह्या जमातीतले थोर.

विकण्याचं कारण तसं रास्त आहे. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, नानांचे गुडघे सत्तरीच्या पुढचे. मुलगा वाकडला बाराव्या मजल्यावर राहतो आणि रोज रात्री फोनवर "बाबा, आता इकडेच या" म्हणतो. तेव्हा विकायचं ठरलं. कुणीतरी सांगितलं की जुना फ्लॅट तसाच दाखवला तर लोक भाव पाडून मागतात. थोडा खर्च करा, चकाचक करा. झालं! ज्या माणसाने उभ्या जन्मात नळाचा वायसर बदलायला प्लंबर बोलावला नाही, तो गवंडी, सुतार आणि पीओपीवाल्याच्या मागे सावलीसारखा उभा राहिला. मोझॅकच्या फरश्या गेल्या, व्हिट्रिफाइड आल्या. कडप्प्याचा ओटा गेला, ग्रॅनाइटचा आला, तोही चार बोटं उंच. हॉलला फॉल्स सीलिंग, खिडक्या सरकत्या. काकू हे सगळं हाताची घडी घालून बघत होत्या.

"ओटा उंच करा, कंबर मोडते, हे मी किती वर्षं सांगतेय," त्या एकदा म्हणाल्या. "माझ्यासाठी नाही जमलं. कोण कुठली परकी बाई येणार, तिच्या कंबरेची मात्र काळजी!"

ह्याला नानांकडे उत्तर नव्हतं. ते कुठल्याच नवऱ्याकडे नसावं. बायको राहत असते तोवर चालतंय की. गिऱ्हाईक येणार म्हटलं की लगेच भिंतीची ओल दिसायला लागते.

जाहिरात नानांनी स्वतः लिहिली. 'नारायण पेठ, मोक्याची जागा, पूर्ण नूतनीकृत सदनिका विकणे आहे. वेळ सकाळी ९ ते ११. एजंटांनी तसदी घेऊ नये.' नऊ ते अकरा अशासाठी, की गॅलरीत ऊन तेवढाच वेळ येतं. "दुपारी बघितलात तर मीसुद्धा घेणार नाही," हे त्यांनी एका गिऱ्हाइकाला तोंडावर सांगितलेलं आहे.

फ्लॅट दाखवायचा त्यांचा एक क्रम ठरलेला आहे. आधी दिवे. सीलिंगमधले दिवे एकाच बटणावर पांढरे, पिवळे आणि मधल्याच कुठल्यातरी रंगाचे होतात. ते तिन्ही दोनदा करून दाखवतात. नंतर प्रत्येक नळ सोडून बंद करतात आणि त्याची किंमत सांगतात. मग सागवानी टीपॉयवर टिचकी मारतात. "जुन्या वाड्याची तुळई आहे ही. पेशवाईतलं लाकूड." आतून काकूंचा आवाज येतो, "जुन्या बाजारातलं!" नाना ऐकू न आल्यासारखं करून गॅलरीकडे वळतात. तिथून पुढे फ्लॅट संपतो आणि पेठ सुरू होते.

एकदा बाणेरहून एक तरुण जोडपं आलं होतं. मुलगा फोनवर काहीतरी टिपून घेत होता. त्याने विचारलं, "काका, अ‍ॅमेनिटीज काय काय आहेत?"

"पत्र्या मारुती," नाना म्हणाले.

"नाही, म्हणजे स्विमिंग पूल वगैरे?"

"होता. १२ जुलै १९६१. एक दिवस."

मुलगा टिपतच होता बिचारा. मग अर्थातच पानशेत निघालं. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासला गेलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं आणि मातीच्या भिंतींचे वाडे बसले. त्यातला एक नानांच्या आजोबांचा. नाना तेव्हा दुसरीत होते. इमारत नंतर त्याच जागेवर उठली. हे सांगताना नानांचा आवाज बदलतो, तेव्हा आपणही गप्प बसावं. पण तेवढ्यात त्या मुलाने पार्किंगचं विचारलं.

पार्किंग हे नानांचं दुखरं गळू आहे. जागा स्कूटरपुरती, तीही हँडल वळवून. "टिळकांनी १९०५ मध्ये गायकवाडांकडून वाडा घेतला," ते म्हणाले, "तेव्हा पार्किंगचं विचारलं होतं का? केसरीवाडा इथून चालत. ओंकारेश्वर चालत. आप्पा बळवंत चौक चालत. गाडी हवी कशाला?" मुलीला हसू आलं. ती नानांना आवडली असावी, कारण त्यांनी लगेच आपला नेहमीचा सल्ला दिला: "घ्याल तेव्हा हिच्या नावावर घ्या, मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे." हा सल्ला ते सगळ्यांना देतात. एका ब्रह्मचारी प्राध्यापकांनाही दिला होता.

शेवटी तोंडी परीक्षा. "अनंत चतुर्दशीच्या रात्री झोप लागायची अपेक्षा आहे का?" लक्ष्मी रस्ता हाकेच्या अंतरावर, रात्रभर ताशा अंथरुणात येतो. गिऱ्हाईक म्हणालं, खिडक्या बंद केल्या तर चालेल ना, की नापास. चेहऱ्यावर काही दिसत नाही, पण जिन्यापर्यंत सोडायला नाना येत नाहीत. कुणाला फ्लॅट खरोखरच आवडला आणि त्याने आकडा विचारला, तर आकडा तिथल्या तिथे वाढतो. "तसं विकायचंच आहे म्हणा," ते म्हणतात, "म्हणजे घाई नाही."

आणि मग गेल्या मार्गशीर्षात कोथरूडहून एक पन्नाशीच्या बाई आल्या. त्यांचं माहेर मोदी गणपतीजवळचं. त्यांनी नळ बघितले नाहीत, दिवे बघितले नाहीत. गॅलरीत उभ्या राहून म्हणाल्या, "चतुर्दशीला मैत्रिणींना बोलवता येईल." गाडी? विकून टाकणार. जिना? माहेरचा ह्यापेक्षा उंच होता. आकडा ऐकून "ठीक आहे" म्हणाल्या. नानांना असा प्रसंग आलाच नव्हता. त्यांनी एकदम चश्मा पुसायला घेतला. फाइल बाहेर आली: इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत, अनुक्रमे. बाई म्हणाल्या, टोकन आजच देते.

तेवढ्यात काकू पोळ्या टाकून, पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मी कुठ्ठे जायची नाही. कंबर आत्ता कुठे थांबलीये दुखायची."

नाना एक क्षण कागदांकडे बघत राहिले आणि मग इतक्या आनंदाने दुःखी चेहरा करताना मी कुणाला पाहिलेलं नाही. "बँकेची एनओसी आहे," ते म्हणाले, "सोसायटीची आहे. हिची नाही. इलाज नाही हो."

बाई हसल्या, पोहे खाल्ले, ओट्याला हात लावून बघितला आणि कारागिराचा नंबर मागितला. नंबरावर भागलं असतं. पण सध्या नाना रोज सकाळी नऊला, गुडघ्याला पट्टा बांधून, दोन मजले उतरतात आणि रिक्षाने कोथरूडला जातात. गवंड्यावर लक्ष नको का ठेवायला? बाईंना तो फ्लॅट विकायचा आहे.