तिथले काका

"तिथली खाल्लीय का?"

आमचा रविवार या प्रश्नाने उजाडतो. वेळ साधारण पावणेआठची. पुण्यातल्या पेठेतलं आमचं नेहमीचं हॉटेल. हॉटेल म्हणजे दोन खणांचं दुकान, सहा टेबलं, त्यातलं एक डुगडुगतं आणि त्याच्या पायाखाली गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची घडी. माझा पहिला पाव रश्श्यात बुडून तोंडापर्यंत पोचलेला असतो आणि टेबलापलीकडून हा प्रश्न येतो. तोंडात घास असलेल्या माणसालाच प्रश्न विचारायचा, म्हणजे उत्तरही आपल्यालाच देता येतं, ही काकांची जुनी युक्ती आहे.

काकांना खरं नाव आहे. बँकेची पेन्शन त्याच नावावर जमा होते. पण हॉटेलात ते कुणाला ठाऊक नाही. रविवारी गर्दी असते म्हणून मालक दारात वही ठेवून नंबर लावतात, त्या वहीतसुद्धा 'तिथले, १' एवढंच लिहिलेलं असतं. कारण काका ज्या मिसळीबद्दल बोलतात ती समोरच्या डिशमध्ये कधीच नसते. ती 'तिथली' असते.

आता 'तिथे' म्हणजे नक्की कुठे, ते दर रविवारी बदलतं. मध्यंतरी ते ठाण्यात होतं. मामलेदार कचेरीजवळची, कपाळाला घाम फोडणारी. त्याआधी नाशकात होतं. काळ्या मसाल्याचा रस्सा, शेजारी पापड, शेवटी जिलेबी, आणि हे सगळं मळ्यात, झाडाखाली बसून. "मिसळ खाताना डोक्यावर आभाळ पाहिजे," काका म्हणाले. त्या वेळी त्यांच्या डोक्यावर मालकांनी वाळत घातलेलं फडकं होतं. कोल्हापूर तर बारमाही. तिथला कट, तिथली चटणी, तिथलं पाणीच वेगळं. बरं, 'तिथे' जायला पुणं सोडावं लागतं असंही नाही. आम्ही इथे बसलेलो असलो की नारायण पेठेतल्या बेडेकरांची गोडसर मिसळ श्रेष्ठ. मी एकदा हट्टाने त्यांना बेडेकरांकडे घेऊन गेलो, तर तिथे बसून फडके हौदाजवळच्या वैद्यांचं कौतुक झालं. लाल तर्रीचा भपका नाही, हिरव्या मिरचीचा रस्सा, जुनी चव. मग पुढच्या रविवारी वैद्यांकडे. तिथे पहिल्या घासाबरोबर कर्वे रस्त्यावर कोल्हापुरी पद्धतीची कशी झणझणीत मिळते ते ऐकलं. चौथ्या रविवारी मी आपला गुपचूप डुगडुगत्या टेबलापाशी परत आलो.

२०१५ साली दादरच्या 'आस्वाद'च्या मिसळीला लंडनमध्ये फूडीहबचं पारितोषिक मिळालं, जगातला सर्वात चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून. त्या रविवारी काका वर्तमानपत्राची घडी टेबलावर आपटून म्हणाले, "लंडनवाल्यांना काय कळतंय मिसळीतलं? दीडशे वर्षं राज्य केलं, एकदा तरी सॅम्पल मागितलं का?" बिनतोड मुद्दा होता. पुढच्याच रविवारी मात्र मी आमच्या मिसळीला नुसतं "छान आहे आज" म्हणालो, तर काका चष्म्यावरून पाहत म्हणाले, "दादरची खाल्लीय का? लंडनने मानलंय तिला."

सॅम्पल हा शब्द पुण्याबाहेरच्या वाचकांना कदाचित प्रयोगशाळेतला वाटेल. पुण्यात मिसळीबरोबर वेगळा येणारा रस्सा म्हणजे सॅम्पल. कोल्हापुरात त्याला कट म्हणतात, आणि नागपूरकडे तर्री, जी तिकडे पोह्यांवर घेतात. नागपूरचा एक विद्यार्थी एकदा आमच्या टेबलावर चुकून बसला आणि वाढणाऱ्याला "भाऊ, थोडी तर्री द्या ना" म्हणाला. काकांनी घड्याळ काढून ठेवलं. तर्री म्हणजे वरचा लाल तेलाचा तवंग, सॅम्पल म्हणजे तवंगासकट सगळा रस्सा, आणि कट ही गोष्ट पंचगंगेच्या अलीकडे संभवतच नाही, हे त्याला समजावून सांगायला बारा मिनिटं लागली. तेवढ्यात त्याच्या मिसळीतलं फरसाण मऊ पडलं. मुलगा सभ्य होता. शेवटी तो एवढंच म्हणाला, "काका, पण आमच्याकडे..." आणि काका एकदम प्रेमाने पुढे सरकले. तिथल्या गोष्टीसाठी त्यांचा कान नेहमी मोकळा असतो.

इतिहासाच्या बाबतीत मात्र त्यांचा हात थोडा सैल सुटतो. मिसळ यादवकाळापासून आहे, असं त्यांनी एकदा गल्ल्यापाशी उभं राहून जाहीर केलं. मी म्हटलं, काका, मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, बटाटाही त्यांच्याच जहाजातून आला, आणि पाव तर शब्दासकट पोर्तुगीज. यादवांच्या मिसळीतून एवढं काढून घेतलं तर उरतं काय? मोडाची मटकी. काका क्षणभर थांबले. मग म्हणाले, "सगळा माल त्यांच्याकडे होता ना? मग पोर्तुगीजांना का नाही जमली मिसळ?" याला अजून मला उत्तर सापडलेलं नाही.

काका तिखट खातात. म्हणजे तिखट मागवतात. 'मध्यम' हा शब्द त्यांच्या मते मुंबईहून आलेल्या पाहुण्यांसाठी आहे. दुसऱ्या घासाला त्यांचे कान लाल होतात, तिसऱ्याला नाक वाहू लागतं, चौथ्याला ते "काहीच तिखट नाही आज" असं म्हणतात, पण आवाज कुठून तरी लांबून येतो. मग पाण्याचे तीन पेले. मिरचीतलं जे झोंबतं, ते कॅप्सेसिन, पाण्यात विरघळत नाही. ते स्निग्ध पदार्थात विरघळतं, आणि दुधा-दह्यातलं केसीन त्याला जिभेवरून सोडवून नेतं. म्हणून तर दही-मिसळ निघाली. पाण्याने आग फक्त तोंडभर फिरते. हे मी त्यांना सांगून पाहिलं. "दही-मिसळ म्हणजे शरणागती," काका म्हणाले, आणि मग वाढणाऱ्याला हळूच, "बाळ, एक ताक आण रे. पित्त झालंय थोडं." हा बाळ पन्नाशीचा आहे आणि त्याला मागच्या वर्षी नातू झाला. काकांचं पित्त रविवारी सव्वाआठलाच होतं, हेही त्याला पाठ आहे. ताक तो मिसळीबरोबरच भरून ठेवतो, फक्त मागितल्याशिवाय आणत नाही.

मालकांना या सगळ्याचं काही वाटत नाही. कमी बोलणारा माणूस. त्यांचं बोलणं भिंतीवर लिहिलेलं आहे: 'सॅम्पल दुसऱ्यांदा मागताना आपण पाव संपवला आहे का हे पाहावे.' 'राजकारणावर चर्चा चहा संपेपर्यंतच.' 'सुटे पैसे देणे.' रविवारची मिसळ त्यांच्याकडे शुक्रवारी रात्री सुरू होते. मटकी रात्रभर भिजते, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली जाते आणि रविवारी पहाटे मोड घेऊन उकळत्या पाण्यात पडते. फोडणीला पाच वाजता वहिनी उभ्या राहतात. खोबरं भाजल्याचा, कांदा परतल्याचा वास आमच्या वाड्याच्या जिन्यापर्यंत येतो, आणि मग गजर लावायचं कारण उरत नाही. थंडीत मोड लवकर येत नाहीत, मटकीच्या गाठोड्याला ऊबेत ठेवावं लागतं. गेल्या डिसेंबरात काकांनी मटकीचा एक दाणा चमच्यावर घेऊन उजेडात धरला आणि म्हणाले, "मोड आखूड आहेत मालक." मालक पैसे मोजत होते. मान वर न करता म्हणाले, "हो काका. सांगून पाहिलं त्यांना."

जागेच्या बाबतीत काका निष्ठुर आहेत. टेबल एक, माणसं चार, ती एकमेकांच्या ओळखीची असायलाच हवीत असं नाही, हा रविवारचा कायदा. खाणाऱ्याच्या पाठीशी उभं राहून त्याच्या डिशकडे पाहत राहायचं, हेही रूढ आहे. पण काका त्यापुढे जाऊन विचारतात, "तुमचं झालंच असेल ना?" एकदा एका नवविवाहित जोडप्याला त्यांनी पहिला घास घेण्याआधीच हे विचारलं होतं. बिचारी उठली. वहिनींनी आतून पाहिलं आणि त्या दोघांना स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसवून वाढलं. त्या दिवशी काकांचं सॅम्पल जरा उशिराच आलं.

आणि बिल. चहा संपतो, बाळ बिलाची चिठ्ठी ठेवतो, आणि काका हात धुवायला उठतात. हात धुवायला माणसाला किती वेळ लागावा? काकांना सात मिनिटं लागतात. मी गेली अकरा वर्षं त्यांच्याबरोबर मिसळ खातोय. वर्षाचे बावन्न रविवार, त्यातले गणपतीचे आणि माझ्या आजारपणाचे सोडा. हिशेब केला तर मला वाईट वाटेल म्हणून मी करत नाही. परत आल्यावर ते रुमालाने बोटं पुसत आश्चर्याने म्हणतात, "अरे, दिलंसही?"

दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी ठरवलं की एकदाचं काकांना 'तिथे' न्यायचं. मोटार केली, पहाटे चारला निघालो, सव्वादोनशेच्या वर किलोमीटर तोडून नवाच्या सुमाराला कोल्हापुरात. रांगेत तासभर. मग ती आली. वरून लाल कट, खाली मटकी, शेव, कांदा, आणि शेजारी पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस, कारण कोल्हापुरात मिसळ ब्रेडशी खातात. काकांनी स्लाइस दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिला. एक घास घेतला. कान लाल झाले. आम्ही चौघं त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. नऊ वर्षांची थोरवी एका घासात सिद्ध व्हायची होती.

काका शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी पैलवानी गृहस्थाकडे वळले आणि म्हणाले, "पुण्यात आमच्या पेठेत एक हॉटेल आहे. तिथली खाल्लीय का?"

त्या गृहस्थाचा चेहरा पाहून आम्ही लगेच पार्सल घेतलं.

परतीच्या वाटेवर काका सातारा येईपर्यंत आमच्या मालकांच्या सॅम्पलबद्दल बोलत होते. वहिनींच्या फोडणीबद्दल, मऊ पावाबद्दल, अगदी आखूड मोडांबद्दलसुद्धा. आम्ही हे सगळं पुढच्या रविवारी मालकांना सांगितलं. मालकांनी काकांकडे पाहिलं. काका वर्तमानपत्र उघडून म्हणाले, "कोल्हापूरची खाल्ली ना परवा. तिला तोड नाही."

मागच्या रविवारचीच गोष्ट. आमच्या टेबलावर चौथा म्हणून एक तरुण येऊन बसला. कोल्हापूरचा, कुठल्याशा कंपनीत नवीन लागलेला, खोलीवर एकटा. मिसळ आली, त्याने दोन घास खाल्ले आणि आपलं म्हणून सहज म्हणाला, "ठीक हाय. पण आमच्या तिथली..."

मी खुर्ची जरा मागे घेतली. दोन 'तिथले' एका टेबलावर यायची ही पहिलीच वेळ. काकांनी चमचा खाली ठेवला. नाक वाहत होतं, कान लाल होते. "अरे, तिथली तिथे!" ते गरजले. "पहाटे पाचला फोडणीला उभ्या राहतात त्या वहिनी. दोन दिवस मटकी सांभाळतात. समोर गरम आलंय ते खायचं सोडून तिथली-तिथली काय लावलंय? अशानं माणसाला चव लागत नाही!"

हॉटेल गप्प झालं. बाळच्या हातात ताकाचा पेला होता तो तसाच राहिला. मालकांनी गल्ल्यातून प्रथमच मान वर केली. पोराने ओशाळून खाली मान घातली आणि सगळी मिसळ संपवली. मग आणखी एक जोडी पाव मागितला.

"बाळ," काका म्हणाले, "याला सॅम्पल दे. आणि याचे पैसे माझ्याकडून."

अकरा वर्षांत पहिल्यांदा काकांचं पाकीट मला दिसलं. तपकिरी आहे. त्यातून त्यांनी त्या मुलाच्या मिसळीचे, जादा पावाचे आणि चहाचे पैसे मोजून गल्ल्यावर ठेवले, सुटे. मग पाकीट खिशात घातलं आणि हात धुवायला गेले. त्यांच्या मिसळीचे आणि ताकाचे मी दिले.